मंत्रिमहोदय, वीस लिटर पेट्रोल न्यायचं तरी कशात?

माननीय केंद्रीय पेट्रोलियम मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा मोबाइलवर मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' तक्रार जूनमधली, पंपावर कॅनमध्ये पेट्रोल देत नाहीत अशी, एका सरकारी पोर्टलवर केलेली. पंधरा दिवसांत उत्तर देतो म्हणाले होते. पेट्रोल सांडून मांडीवर आलेले फोड त्याच्या कितीतरी आधी निकाली निघाले, डाग तेवढे राहिलेत. म्हणून हे पत्र, जाहीर.

माझी जिप्सी जुनी. टाकी ४० लिटरची, घाटात लिटरला जेमतेम आठ किलोमीटर. मनाली-लेह रस्त्यावर टांडी गावच्या पंपाजवळचा तो प्रसिद्ध बोर्ड सांगतो की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. भागाकार करून बघा, साडेपंचेचाळीस लिटर लागतात. म्हणून वीस लिटरचा पत्र्याचा जेरीकॅन घेतला, झाकणाला नवा वायसर बसवला आणि रिकामाच टपावर पट्ट्याने आवळून नाशिकहून निघालो.

वाटेत एका पंपावर (नाव लिहीत नाही, उगाच पोराची नोकरी जायची) उत्तर मिळालं, "कॅन में नहीं मिलेगा, ऊपर से ऑर्डर है." म्हटलं, बाबा रे, लोखंडी आहे, जमिनीवर ठेवून भरू, वर थोडी जागा सोडू. ऐकेना. माझ्या मागच्या मोटारसायकलवाल्याला मात्र पाण्याच्या बाटलीत दोन लिटर मिळालं. त्याची ऑर्डर बहुधा खालून आली असावी.

पुढे एका तंबूतल्या ढाब्यावर खाद्यतेलाच्या जुन्या प्लॅस्टिक कॅनमधून पेट्रोल मिळालं, लिटरला दीडशे रुपये. शेजारी स्टोव्ह भडकलेला, तिथे ओताओत नको म्हणून तो कॅन तसाच डिकीत टाकला. सर्चूच्या पुढे, चार हजार मीटरच्या वर, तो ढोलासारखा फुगला. जेरीकॅनमध्ये ओतायला बूच अर्धंच फिरवलं आणि फुस्सकन फवारा उडाला. चष्म्यावर, तोंडावर, मांडीवर. त्या वाऱ्यात पँट उतरवायची हिंमत झाली नाही, दोन तास तसाच बसलो. रात्री कातडं पापडासारखं सुटलं. मुलगी मागच्या सीटवर वासाने ओकत होती. बायको लेहपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

घरी पडल्या पडल्या पेट्रोलियम कायदा वाचला, १९३४चा. कलम ९ म्हणतं, गाडीच्या मालकाला टाकीतल्याखेरीज आणखी १०० लिटर पेट्रोल परवान्याशिवाय नेता येतं. कशात, ते कलम ८ सांगतं. भांडं धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत, काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंत. म्हणजे आजीच्या लोणच्याच्या बरणीला कायद्यात जागा आहे, प्लॅस्टिकला नाही. आणि रस्त्यावर चालतं ते फक्त प्लॅस्टिक!

कायदा तुमच्याकडचा, कॅनला मान्यता देणारी 'पेसो' ही पेट्रोल-स्फोटकांच्या सुरक्षेची सरकारी संस्था वाणिज्य मंत्रालयाकडे (मुख्य कार्यालय आमच्या नागपुरात), सुट्या विक्रीवर बंदी घालणार जिल्हाधिकारी. मधे उभा मी, जळक्या मांडीनिशी. मागणी एवढीच की देशातल्या लाखभर पंपांना लेखी कळवा, मान्यताप्राप्त धातूच्या कॅनमध्ये गाडीवाल्याला पेट्रोल द्या. तसा कॅन दिसतो कसा, याचं चित्र पंपावर लावा. हवा भरायच्या मशिनशेजारी तुमचे फोटो असतात तिथे जागा होईल.

हे फक्त हौशी फिरणाऱ्यांचं दुखणं नाही. आमच्याकडे फवारणी पंपासाठी पाच लिटर पेट्रोल आणणारा शेतकरीही पोरासोरांसमोर हात जोडतो आणि शेवटी कॅन गोणपाटात गुंडाळून नेतो. पकडला तर तोच गुन्हेगार. सुरक्षिततेचा नियम पाळायला जावं तर अडवतात, मोडला की सहसा कोणी विचारत नाही.

आणि इथेनॉल! पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळलंत, अभिनंदन. जुन्या चारचाकी गाड्यांचं मायलेज सहा-सात टक्के घटेल असं नीती आयोगाच्याच २०२१च्या अहवालात आहे. म्हणजे माझ्या जिप्सीला त्याच रस्त्यावर आणखी तीन लिटर लागणार. ते कशात नेऊ? किंमत मात्र पूर्ण लिटरची, वर उत्पादन शुल्क, वर व्हॅट. जीएसटीत आणतो म्हणून किती वर्षं ऐकतोय, मोजणं सोडलं.

येत्या जूनमध्ये स्पितीला निघतोय. जेरीकॅन गॅलरीत आहे, रिकामा, धुऊन पालथा घातलेला.

आपला,
एक जिप्सीवाला, नाशिक

ता. क. उत्तर पाठवणार असाल तर 'निकाली काढण्यात आली आहे' हे सोडून काहीही चालेल. ते एक माझ्याकडे आहे.