बॅरोग्राफ चालता करणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

पत्रात तुमचं नाव यायला नको, ही तुमची अट मी पाळते आहे. पत्र चारचौघांत लिहायचं, ही मात्र माझी अट. जुनी हवामानयंत्रं जमवणारे माझ्यासारखे वेडे तुरळक का होईना, पण आहेत. तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्याही कामाचं आहे.

या छंदात मदत करणारे तसे पुष्कळ भेटतात. कुठल्या बंगल्याचं सामान निघालंय, कुठल्या भंगारवाल्याकडे पितळी काहीतरी आलंय, हे कळवणारे भेटतात. भाव पाडून देणारे भेटतात. घेतलेली वस्तू चालेल का, आणि चाललीच तर खरं बोलेल का, एवढं विचारणारे तुम्ही एकटे भेटलात.

मुंबईच्या दारूखाना भागात जहाजांच्या मोडीतून आलेला म्हणून मी तो बॅरोग्राफ, म्हणजे हवेचा दाब कागदावर आपोआप रेखणारं यंत्र, घेतला होता. ‘शॉर्ट अँड मेसन, लंडन’ अशी अक्षरं, महोगनीची पेटी, कडा तासलेल्या काचा, खाली कागद ठेवायचा खण. तुम्ही तो पाहिलात आणि पहिलं वाक्य बोललात, “हा जहाजावरचा नाही.” जहाजावरच्या यंत्रात लाटांनी पेन नाचू नये म्हणून तेलाच्या अडथळ्याने हालचाल मंद केलेली असते, बैठकीला स्प्रिंग असतात. यात त्यातलं काही नव्हतं. कुणा साहेबाच्या दिवाणखान्यातला असणार, म्हणालात. विकणाऱ्याची गोष्ट अशी अर्ध्या मिनिटात निकालात निघाली. मला वाईट वाटलं नाही. खोटी गोष्ट उराशी धरून बसण्यापेक्षा ते बरं.

स्क्रू-ड्रायव्हर हातात न घेता तुम्ही यंत्र तपासलंत, ते मी आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. अख्खा बॅरोग्राफ मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलात, तोंड घट्ट आवळलंत आणि पिशवी दोन्ही तळव्यांनी हलकेच दाबलीत. पेन वर सरकलं. सोडल्यावर खाली आलं. हवा काढलेल्या त्या पातळ, नागमोडी पत्र्याच्या डब्यांची चळत, म्हणजे यंत्राचं सगळं काळीज, शाबूत होती. एखादी डबी जरी फुटून आत हवा शिरली असती, तरी तिच्या वाट्याची हालचाल गेली असती. ल्यूसियन विदी यांनी १८४४ मध्ये पाऱ्याविना चालणाऱ्या दाबमापकाचं पेटंट घेतलं, ते अशाच निर्वात डबीच्या जोरावर. डब्यांची चळत, तरफा, पेन आणि फिरता ढोल ही जोडणी बाजारात रुळवली पॅरिसच्या रिशार बंधूंनी, १८८० च्या आसपास. हे मी वाचलेलं होतं. पिशवीची युक्ती मात्र वाचून समजणारी नव्हती.

ढोल फिरवणारं, त्याच्या आतलं घड्याळ तुम्ही स्वतः उघडलं नाहीत. “हे माझं काम नाही, घड्याळजीचं आहे,” म्हणून मला पेठेतल्या तुमच्या ओळखीच्या घड्याळजींकडे धाडलंत, सोबत चिठ्ठी: कमान बदलू नये, फक्त जुनं तेल काढावं, आठवड्याला दहा मिनिटांहून जास्त फरक नको. स्वतःच्या कसबाची हद्द इतकी स्पष्ट माहीत असलेला माणूस मी क्वचित पाहिला आहे. (घड्याळजींनी कमान बदलायचा आग्रह धरलाच. चिठ्ठी दाखवल्यावर गप्प बसले.)

खरी अडचण पुढे होती. यंत्र लंडनचं, त्याच्या कागदावर पाऱ्याच्या २८ ते ३१ इंच दाबाच्याच रेघा. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर. इथला दाब वर्षभर ९५० हेक्टोपास्कलच्या (दाबाचं हल्लीचं एकक) आसपास घुटमळतो, म्हणजे अठ्ठावीस इंच. त्यामुळे पेन कागदाच्या अगदी तळाच्या रेघेवर लोळणार आणि पावसाळ्यात कागद सोडून खाली जाणार. मी इतर संग्राहकांना विचारलं होतं. सगळ्यांचं उत्तर एकच: स्क्रू फिरवून पेन वर घ्यायचं आणि वेधशाळेचा, समुद्रसपाटीला दाब किती असता असा हिशेब करून काढलेला आकडा लावून टाकायचा. जगभर असंच करतात, त्यात चूक काहीच नाही. बातम्यांतला दाबही तसाच असतो.

तुम्हाला ते पटेना. “यंत्र पुण्यात आहे ना? मग पुण्यातला दाब सांगू दे त्याला.” मला आधी तो हट्ट वाटला. पण तुम्ही नुसतं बोलून थांबला नाहीत. पुढच्या खेपेला आलात ते ट्रेसिंग पेपरची गुंडाळी घेऊन. त्यावर तुम्ही पुण्यासाठी नवा तक्ता आखून आणला होता, ९०० ते १००० हेक्टोपास्कल, मधोमध ९५०. सोमवार ते रविवार, दर दोन तासांना एक वेळेची रेघ. आणि ती प्रत्येक रेघ वक्र, कंपासने काढलेली, पेनच्या दांडीच्या लांबीइतकी त्रिज्या घेऊन. माझ्या नकळत कधी मोजलीत ती लांबी, कोण जाणे.

त्या दुपारचं काम माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दांडी तिच्या आसावर एका बारीक स्क्रूने आवळलेली होती. तो तुम्ही पाव फेरा सैल केलात, दांडी वर घेतलीत, पुन्हा आवळलात. उरलेला फरक खालच्या स्क्रूने काढलात. मग कागद ढोलावर गुंडाळून, पितळी पट्टीखाली अडकवून मला म्हणालात, “बोटाने दांडी वर-खाली कर. पेन वेळेच्या रेघेवरूनच चाललं पाहिजे.” मी दांडी उचलली. पेन वक्र रेघ न सोडता वरपर्यंत गेलं आणि तसंच खाली आलं. पेन ढोलावर किती टेकावं तेही तुम्ही तेव्हाच दाखवलंत. पेटी किंचित पुढे कलती केली की पेनाने कागद सोडायला हवा. जास्त टेकलं तर घर्षणाने अडखळत चालतं आणि रेघेला पायऱ्या पडतात. माझ्याकडच्या दुसऱ्या एका यंत्राच्या जुन्या कागदांवर तशा पायऱ्या होत्या आणि मी त्याला हवामान समजत होते!

पहिला आठवडा संपल्यावर कागद तुमच्यापुढे ठेवला, तेव्हा तुम्ही आकडे पाहिलेच नाहीत. दिवसातून दोन उंचवटे आहेत का, एवढंच पाहिलंत. सकाळी दहाच्या आसपास एक, रात्री दहाच्या आसपास दुसरा. पहाटे चार आणि दुपारी चारला खळगे. उष्ण कटिबंधात हे रोज घडतं. सूर्य वरच्या थरांतला ओझोन आणि खालची वाफ तापवतो आणि सगळं वातावरण दिवसातून दोनदा भरती-ओहोटीसारखं हलतं. आपल्याकडे चढ-उतार तीन-चार हेक्टोपास्कलचा, कागदावर जेमतेम अडीच मिलिमीटर. इंग्लंडमध्ये एकामागून एक येणाऱ्या वादळी पट्ट्यांत तो हरवून जातो. म्हणून परदेशी संग्राहकांच्या लिखाणात त्याचा फारसा उल्लेख मला सापडला नव्हता. “ही दोन टेकाडं दिसली की समज, यंत्र तंदुरुस्त आहे,” म्हणालात. तेव्हापासून कुणी बॅरोग्राफ दाखवला की मी आधी पेटीची लाकूडकाम-नक्षी न बघता मागच्या आठवड्याचा कागद मागते. बहुतेकांकडे तो नसतो.

एकोणिसाव्या शतकातले गणिती केरूनाना छत्रे तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत कामाला होते, ही गोष्ट मला तुमच्याकडूनच कळली. तेव्हा ही रेघ आपोआप उमटत नव्हती. दिव्याच्या उजेडात माणूस बसून आकडे टिपत असे. रात्री दहाचा उंचवटा कुणीतरी जागून लिहून ठेवलेला आहे, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणींबद्दल तुम्ही ज्या आदराने बोलता! त्या १९४८ मध्ये पुण्याच्या वेधशाळेत आल्या आणि परदेशातून मागवावी लागणारी यंत्रं इथेच बनावीत म्हणून सुमारे शंभर उपकरणांची ड्रॉइंग त्यांनी प्रमाणित करून घेतली. तुमची पिढी त्या शिस्तीत घडली. तुमच्या ट्रेसिंग पेपरवरची ती अक्षरं, एकसारखी, किंचित उजवीकडे झुकलेली, कुठून आली ते मला तेव्हा उमगलं.

आता टोंगाबद्दल. १५ जानेवारी २०२२, शनिवार. पॅसिफिकमधल्या हुंगा टोंगा ज्वालामुखीचा स्फोट आपल्या घड्याळाने सकाळी पावणेदहाच्या सुमाराला झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन: “काल रात्री नऊची रेघ बघ.” भिंग लावून पाहिलं. रात्रीच्या चढावर, शिखर यायच्या आधी, तांदळाच्या कणीएवढी एक खूण. रेघ चटकन वर जाऊन खाली आली होती आणि मग आपल्या वाटेने पुढे गेली होती. दाबाची ती लाट जवळजवळ पावणेतेरा हजार किलोमीटर चालून माझ्या टेबलावर पोचली होती. निब अडखळली असेल म्हणून मी ती सोडून दिली असती. तुम्ही बातमी ऐकून, अंतर आणि वेग यांचा हिशेब रात्रीच मांडून ठेवला होतात.

मग तुम्ही इंडोनेशियातल्या क्राकाताऊ ज्वालामुखीची गोष्ट सांगितलीत. २७ ऑगस्ट १८८३ चा स्फोट, त्याची लाट पृथ्वीला पुन्हा पुन्हा वळसा घालताना जगभरच्या दाबलेखकांवर उमटली, आणि ते सगळे कागद गोळा करून रॉयल सोसायटीने १८८८ मध्ये अहवाल काढला. त्याचे संपादक जी. जे. सायमन्स. म्हणजे आपल्या तहसील कचेऱ्यांच्या आवारात जो ‘सायमन्स पर्जन्यमापक’ असतो, तेच हे सायमन्स! इतकी वर्षं ते नाव मी नुसतं यंत्राचं नाव म्हणून वाचत होते.

सगळंच मला पटतं असं नाही. फेल्ट-टिप पेनाला तुम्ही नाक मुरडता, मी पावसाळ्यात तेच लावते. ग्लिसरीनची जांभळी शाई जुलैच्या हवेत ओल ओढून फुगते आणि निबवरून ओघळते. जूनपासून निब अर्धीच भरायची आणि टिपकागदाचा कोपरा लावून थेंब उतरवायचा, हा तुमचा उपाय मी करून पाहिला. चांगला आहे, पण सोमवारी सकाळी ऑफिसला जायच्या घाईत होत नाही. ब्रासोच्या, म्हणजे पितळ उजळायच्या पॉलिशच्या, बाबतीत मात्र तुमचंच खरं. पितळेवरचं जुनं लॅकर एकदा घासून गेलं की परत येत नाही, आणि लखलखीत केलेलं यंत्र विकायला ठेवलेलं दिसतं. पाऱ्याचा फोर्टिन बॅरोमीटर (दाबमापक) घरात आणायचा बेत तुम्ही मोडलात, त्याबद्दल घरच्यांनीही तुमचे आभार मानायला सांगितलं आहे.

आणि ते सायफनचं पर्जन्यलेखक. भांड्यात दहा मिलिमीटर भरले की तरंगतं भांडं वर पोचतं, सायफन पाणी ओढून घेतो, पेन शून्यावर पडतं, पुन्हा चढू लागतं. तुम्ही विचारलं होतंत, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, तर असं यंत्र किती वेळा रिकामं व्हायला हवं? चौऱ्याण्णव. मुसळधार पाऊस म्हणजे काय, हे मला त्या भागाकाराने समजलं. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर, म्हणजे सात वेळा.

तुमच्या तक्त्याची मी स्वच्छ प्रत काढून घेतली आहे. तुमच्या अक्षरांना हात लावलेला नाही. नाशिकच्या आणि बेळगावच्या दोघांनी तो मागितलाय. त्यांचीही यंत्रं त्याच मापाची आहेत आणि त्यांचीही पेनं तळाला लोळत आहेत. नाशिक पुण्याच्या आसपासच्याच उंचीवर, तिथे तो तसाच चालेल. बेळगाव दोनेकशे मीटर वर आहे, पेन मध्यापासून थोडं खाली बसेल, पण कागदावर राहील. तुमची परवानगी गृहीत धरून दोघांना पाठवते आहे. छपाई शंभर टक्के आकारातच करा, ‘पानात बसवा’ नको, ही सूचना वर ठळक लिहिली आहे.

आता एक काम उरलंय. हवेतला ओलावा नोंदवणाऱ्या हायग्रोग्राफचे केस कोरडे पडून तुटलेत. कोरड्या हवेपासून पूर्ण ओलाव्यापर्यंत केस दोन-अडीच टक्के लांबतो आणि त्या एवढ्याशा लांबीवर सगळं यंत्र चालतं, म्हणून कुठलेही केस चालणार नाहीत, असं तुम्ही बजावलं होतंत. रंग न लावलेले, कधी सरळ करून न घेतलेले, लांब केस हवेत. भाचीने तिचे द्यायचं कबूल केलंय, एका पावभाजीच्या बोलीवर. स्पिरिटने धुऊन तेलकटपणा काढून ठेवते. जुळवणी तुमच्या देखरेखीखालीच करायची आहे. येत्या रविवारी सकाळी न्यायला येऊ का? काकूंना सांगा, जेवण आमच्याकडे. आणि तुमचं ते छोटं भिंग आठवणीने घ्या, माझ्या भिंगातून केस दिसत नाही.

तुमची,
सोमवारी कागद बदलणारी