‘जवळजवळ सिंगल थ्रेडेड’ म्हणजे काय?

संपादक महोदय,

परवा एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला गेलो होतो. ‘मेमरी वाटपाला लॉक का नाही?’ असे विचारले, तर मुले म्हणाली, ‘सर, प्रोग्राम जवळजवळ सिंगल थ्रेडेडच आहे.’ (थ्रेड म्हणजे प्रोग्राममध्ये स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा; सिंगल थ्रेडेड म्हणजे असा धागा एकच. लॉक म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारी कडी.) सोबतच्या परीक्षकांनीही मान डोलावली. राहवले नाही, म्हणून हे पत्र.

हेच वाक्य मीही बोललो आहे. संत्र्याच्या एका अडतीवरच्या वजनकाट्याचा प्रोग्राम मी सी भाषेत लिहिला. मेमरीच्या ६४ बाइटच्या रिकाम्या तुकड्यांची साखळी माझीच: पहिला तुकडा उचलायचा, टोक (पहिला तुकडा कोणता याची खूण) पुढच्यावर सरकवायचे. सहा वर्षे बिनतक्रार चालले. मग शेतकऱ्याला वजनाचा एसएमएस जावा म्हणून दुसरा थ्रेड जोडला. मृग बहारात एका संध्याकाळी काटोलच्या शेतकऱ्याच्या पावतीवर नरखेडच्या माणसाचे नाव छापून आले. आधीच्या मापाचा एसएमएस अजून तयार होत होता आणि त्यालाही तुकडा हवा होता. एका थ्रेडने टोक वाचले, ते सरकवण्याआधी दुसऱ्यानेही तेच वाचले आणि दोघांना एकच तुकडा मिळाला. चवडीवरचा एकच रिकामा क्रेट दोन हमालांनी उचलावा तसा. वाचणे आणि सरकवणे यांच्या मध्ये मी मुद्दाम एक मिलिसेकंदाचा थांबा घातला, तेव्हा हंगामात एकदा झालेली चूक मिनिटामिनिटाला दिसू लागली.

मॅलॉक, म्हणजे सी भाषेतले मेमरी देणारे तयार फंक्शन, थ्रेड-सेफ असते (अनेक थ्रेडनी एकदम वापरले तरी चुकत नाही), हे मुलांना पाठ असते. स्वतःची साखळी केली की ती हमी संपते, हे कोणी सांगत नाही.

सरसकट लॉक लावणेही मला पटले नाही. कोणी वाट पाहत नसले तरी लॉक वेळ खातोच. ग्लिबसीने (लिनक्सवरच्या सी भाषेच्या लायब्ररीने) २०१७ साली २.२६ आवृत्तीत प्रत्येक थ्रेडला रिकाम्या तुकड्यांचा स्वतःचा छोटा साठा दिला, तो यासाठीच. पण माझ्याकडे मेख निराळी होती. मापाच्या नोंदीचा तुकडा घ्यायचा मुख्य थ्रेडने आणि सोडायचा एसएमएसच्या थ्रेडने! साठे नुसते वेगळे केले असते तर एक आटला असता, दुसरा फुगला असता. शेवटी साठे वेगळे केले, पण एसएमएसचा थ्रेड मापाचे वापरलेले तुकडे परतीच्या रांगेत ठेवू लागला. लॉक फक्त त्या रांगेला. मुख्य थ्रेड आपला साठा संपला की सगळी रांग एकदम उचलतो.

तो मिलिसेकंदाचा प्रयोग प्रॅक्टिकलमध्ये घ्यावा, अशी अभ्यासमंडळाला कळकळीची विनंती आहे. ती पावती मी अजून जपून ठेवली आहे. कोणत्याही महाविद्यालयाने बोलावले तर घेऊन येईन.

– एक प्रोग्रामर, नंदनवन, नागपूर