बॅकस्टेजचा भार हाती घेताना

सर्व सभासदांना सूचना. सेट आणि सामान इतकी वर्षं सांभाळणारे आपले काका महिनाअखेरीस काम थांबवत आहेत. पुढच्या 3 प्रयोगांना नवे दोघे त्यांच्यासोबत राहतील. पहिल्यात फक्त बघायचं, दुसऱ्यात काकांच्या देखरेखीखाली लावायचं आणि तिसऱ्यात सगळं आपणच.

टेम्पो भरण्याचा क्रम त्यांच्याकडून लिहूनच घ्या, कारण तो कुठेच नोंदलेला नाही. कपडेपटाच्या ट्रंका आत, लेव्हल (रंगमंचावरचे लाकडी चौथरे) दाराशी. फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतींच्या कापड ताणलेल्या चौकटी, उभेच, रंगाच्या बाजू समोरासमोर, मध्ये जुनी चादर. आडवे रचले की खड्ड्यांत कापड फाटतं. बिजागऱ्यांच्या सुट्या पिना सेट उतरवताना मोजून डब्यात टाका. एक जरी हरवली तरी खिळ्यावर भागवलं जातं, आणि दार आपटलं की अख्खी भिंत हलते.

लाइटच्या वहीत डिमरचा (उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचा) नंबर नको, दिव्याची जागा लिहा. नंबर प्रत्येक नाट्यगृहात बदलतात.

नाटकाची संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, अनामतीच्या पावत्या आणि गोदामाच्या किल्ल्या सही करून घ्याव्यात. टेम्पोवाल्यांचे, बुकिंग क्लार्कचे नंबर काकांच्याच फोनमध्ये आहेत, तेही उतरवून घ्या.

काकांच्या राहिलेल्या नाईटचे (दर प्रयोगामागच्या मानधनाचे) पैसे शेवटच्या प्रयोगाआधी चुकते झालेच पाहिजेत. खजिनदारांनी हे आधी करावं.