हस्तकला जत्रेत छपाईचा हातही दिसू द्यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत कोल्हापुरात थंडीच्या दिवसांत मोकळ्या मैदानांवर हस्तकला जत्रा भरू लागल्या आहेत आणि त्यांना लोकांची गर्दीही चांगली होते, याचा आनंद आहे. अशाच एका दोन दिवसांच्या जत्रेत मी स्वतः छापलेले टी-शर्ट घेऊन डिसेंबरमध्ये प्रथमच स्टॉल लावला होता. त्या दोन दिवसांत जे पाहिले त्यावरून आयोजकांना आणि ग्राहकांना एक विनंती करावीशी वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझ्या वडिलांनी जवळपास चाळीस वर्षे स्क्रीन प्रिंटिंगवर लग्नपत्रिका छापल्या. पुढे पत्रिका मोबाइलवरून जाऊ लागल्या, छापून घेणाऱ्यांची संख्या घटली आणि घरातल्या लाकडी फ्रेम माळ्यावर गेल्या. दोन वर्षांपूर्वी मी त्या खाली काढल्या. कागदावर छापण्याची बारीक विणीची जाळी कापडावर पुरेसा रंग सोडत नाही, म्हणून सेंटीमीटरला ४३ धागे असलेले बोल्टिंग कापड आणून आम्ही बापलेकीने त्या पुन्हा ताणून घेतल्या. पहिले चित्र रंकाळा तलावातल्या संध्यामठाच्या दगडी वास्तूचे केले. चित्रकार आबालाल रहमान यांनी ज्या रंकाळ्याची आणि कोटितीर्थाची चित्रे रंगवली, त्या गावात राहून टी-शर्टवर परदेशी शहरांची नावे छापण्याची इच्छा झाली नाही.

ज्यांनी ही छपाई पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे. चित्रात जितके रंग, तितक्या फ्रेम लागतात. प्रत्येक रंगाचा भाग पारदर्शक फिल्मवर काळ्या शाईत वेगळा काढावा लागतो. जाळीवर अंधाऱ्या खोलीत इमल्शनचा पातळ थर देऊन तो वाळवतात, त्याला फिल्म टेकवून फिल्मच्या बाजूने प्रकाश देतात. जिथे प्रकाश पोहोचतो तिथला थर कडक होतो आणि जिथे काळ्या शाईने प्रकाश अडतो तिथला मऊ राहून पाण्याच्या फवाऱ्याने निघून जातो. तेवढ्याच उघड्या जाळीतून रंग खाली उतरतो. टी-शर्ट पाटावर चढवायचा, फ्रेम टेकवायची, रंग ओतायचा आणि रबराच्या पट्टीने, म्हणजे स्क्वीजीने, एका दमात, सारख्या दाबाने ओढायचा. दाब कमी पडला तर रंग फुटकळ उमटतो, जास्त झाला तर कडेने पसरतो. पहिला रंग सुकल्यावर दुसरी फ्रेम नेमकी त्याच खुणेवर बसवावी लागते. ती अर्धा मिलिमीटर जरी सरकली तरी संध्यामठ आणि त्याचे पाण्यातले प्रतिबिंब यांच्यामध्ये पांढरी रेघ दिसते आणि तो टी-शर्ट बाजूला ठेवावा लागतो. मी पाण्यात मिसळणारे पिगमेंट रंग वापरते. ते दिवसभर वाळवून मग सुमारे १५० अंश सेल्सिअसवर काही मिनिटे तापवले नाहीत, तर पहिल्याच धुण्यात फिके पडतात.

या पद्धतीने ८४ टी-शर्ट छापायला आम्हा दोघांना सहा दिवस लागले. कोरा टी-शर्ट १८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाच्या कापडाचा, तिरुपूरहून येणारा. तो, रंग, इमल्शन आणि वीज धरून एका नगाला सुमारे २५० रुपये पडले. किंमत ६५० रुपये ठेवली.

मोकळ्या मैदानावरच्या विक्रीत काही अडचणी येणार हे गृहीत होते. सकाळी वाऱ्याने हँगरसकट दोन ओळी मातीत पडल्या आणि पांढरे तीन टी-शर्ट विक्रीतून गेले. एल मापाचे जवळपास संपले, तर एस आणि डबल एक्सएल तसेच राहिले. छातीच्या मापाचा तक्ता लावला असता आणि एखादा आरसा ठेवला असता, तर अंगाला लावून पाहणारे निम्मे लोक परत गेले नसते. या माझ्या तयारीतल्या उणिवा आहेत आणि त्या पुढच्या वेळी दुरुस्त होतील. ज्या गोष्टीने मन खट्टू झाले ती वेगळी होती.

आमच्यापासून चौथ्या स्टॉलवर ‘हँडमेड प्रिंटेड टी-शर्ट’ असा मोठा फलक होता आणि दर २९९ रुपये. ते टी-शर्ट डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) पद्धतीचे होते. यात डिजिटल प्रिंटर फिल्मवर चित्र छापतो, त्यामागे गोंदाची पूड वितळवून घेतात आणि हीट प्रेसखाली दहा-पंधरा सेकंदांत ते चित्र कापडाला चिकटवतात. त्या स्टॉलवरची दोन्ही मुले कष्टाळू होती, त्यांच्याशी माझे बोलणेही झाले. डीटीएफ हा प्रामाणिक व्यवसाय आहे. त्यात फोटोसारखे बारीक रंग येतात, एकच नग हवा असेल तर तोही परवडतो आणि अनेक तरुणांची घरे त्यावर चालतात. त्याला माझा कसलाही विरोध नाही. पण ते हाताने केलेले काम नव्हे. फलक असा का, असे विचारल्यावर त्यांनी सरळपणे सांगितले, की जत्रा हस्तकलेची असल्यामुळे तसे लिहावे लागते. आयोजकांनी त्यांना काही विचारले नव्हते आणि मलाही नव्हते. अर्जात जीएसटी क्रमांकाचा रकाना होता. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या लहान उत्पादकाला वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल तर ती नोंदणी सक्तीची नाही, तरीही तो होता. माल कसा तयार होतो, हे विचारणारा रकाना मात्र अर्जात कुठेही नव्हता.

परिणाम अगदी स्वाभाविक झाला. पहिल्या दिवशी माझ्याकडे आलेल्या बहुतेकांनी एकच प्रश्न केला, “तिकडे हँडमेड तीनशेला मिळतोय, तुमचा दुप्पट का?” एका ताईंनी टी-शर्ट उलटा करून आतली बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाल्या, “दोन्ही छापलेलेच आहेत की.” त्यांचे काहीच चुकत नव्हते. फलकावर शब्द तोच, जत्रेचे नाव तेच, तर त्यांना फरक कशाने कळावा? त्या दिवशी ९ टी-शर्ट गेले.

रात्री वडील म्हणाले, “उद्या फ्रेम घेऊन जाऊ. सांगून कळत नाही ते बघून कळतं.” दुसऱ्या दिवशी आम्ही एक लहान फ्रेम, एक पाट आणि सुती कापडाचे चौकोनी तुकडे घेऊन गेलो. आयोजकांच्या नियमात स्टॉलवर प्रात्यक्षिक करायला मनाई होती, कारण रंग सांडून मंडपाचे कापड खराब होते. ही भीती अवाजवी नव्हती, म्हणून प्लॅस्टिक अंथरण्याची आणि नुकसानीची जबाबदारी घेतली, तेव्हा त्यांनी परवानगी दिली. त्याबद्दल त्यांचे आभार. उन्हात आणि वाऱ्यात पाण्याचे रंग जाळीतच वाळतात आणि छिद्रे बुजतात, हे मला पुस्तकी माहीत होते, पण घरातल्या बंद खोलीत त्याचा अनुभव कधी आला नव्हता. तिसऱ्याच ओढीला चित्राचा वरचा भाग उमटेना. नळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. वडिलांनी बादली आणून ठेवली आणि प्रत्येक ओढीनंतर ओल्या स्पंजने ते जाळी पुसत राहिले. स्टॉलच्या मागच्या बाजूला सावलीत सरकल्यावर काम सुरळीत झाले.

साधारण अकरा वाजता आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आईसोबत थांबली. तिच्या हातात स्क्वीजी दिली, तिच्या हातांवर मी माझे हात ठेवले आणि दोघींनी मिळून रंग ओढला. फ्रेम उचलली तेव्हा कापडावर ओला, चकाकणारा निळा संध्यामठ होता. ती काही बोलली नाही. तिने फक्त फ्रेमखाली वाकून बघितले, की तो आला कुठून. तिच्या आईने मग किमतीचा विषय काढला नाही, रंग किती धुण्यांपर्यंत टिकेल ते विचारले. मी जे खरे होते ते सांगितले, की उलटा करून साध्या पाण्यात धुतला आणि सावलीत वाळवला तर कापड विरेपर्यंत चित्र राहते, फक्त थोडे मऊ आणि फिके होत जाते. त्या दिवशी २७ टी-शर्ट गेले. किंमत एक रुपयाही कमी केली नव्हती.

दोन दिवसांत ३६ टी-शर्टांचे २३,४०० रुपये आले. मालाचे ९,०००, स्टॉलभाड्याचे ५,०००, टेम्पो आणि टेबलांचे १,४०० रुपये वजा जाता ८,००० रुपये उरले, ते दोघांच्या आठ दिवसांच्या कामाचे. ४८ टी-शर्ट अजून घरी आहेत. हा हिशोब तक्रार म्हणून देत नाही. हाताने छापलेल्या कपड्याची किंमत कशातून येते, हे वाचकांना दिसावे एवढ्याचसाठी देत आहे. २९९ रुपयांना हा टी-शर्ट विकणे मला कोणत्याही मार्गाने शक्य नाही, आणि ‘हँडमेड’ या एकाच शब्दाखाली दोन्ही टांगले गेले की ग्राहक स्वस्त घेणार, हेही तितकेच उघड आहे. असेच चालू राहिले, तर जत्रेचे नाव हस्तकलेचे राहील आणि हाताने काम करणारे एकेक करून भाडे परवडत नाही म्हणून गळतील.

ग्राहकांनी स्वतः ओळखावे म्हटले, तर काही खुणा जरूर आहेत. पाण्याचा रंग धाग्यात मुरतो, त्यामुळे छापलेल्या जागेवर बोट फिरवले तरी कापडाची वीण लागते आणि कापड ताणले की चित्र त्याच्याबरोबर ताणले जाते. डीटीएफचे चित्र पापुद्र्यासारखे वर बसलेले जाणवते. हाताने छापलेल्या दोन नगांत रंगाच्या दाटपणात किंचित फरक असतोच. तथापि या खुणा शंभर टक्के पुरेशा नाहीत. प्लॅस्टिसॉल या प्लॅस्टिकयुक्त शाईने स्क्रीनवर हाताने छापलेले चित्रही कापडाच्या वरच बसते, तेव्हा केवळ स्पर्शावरून निकाल दिला तर एखाद्या प्रामाणिक छपाईवाल्यावर अन्याय होईल. म्हणून हा भार एकट्या ग्राहकावर टाकणे मला योग्य वाटत नाही.

हातमागाच्या कापडाला २००६ पासून हँडलूम मार्क मिळतो आणि दुकानात उभ्या असलेल्या माणसाला त्या चिन्हावरून यंत्रमाग आणि हातमाग यांतला फरक कळू शकतो. शेजारच्या इचलकरंजीत यंत्रमागाचे मोठे काम चालते आणि त्याला कोणी कमी लेखत नाही. फक्त यंत्रमागाचे कापड हातमागाचे म्हणून विकू नये, एवढीच अपेक्षा असते. आपल्या कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ साली मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच घाटाच्या चपला मूळ कारागिरांचा उल्लेख न करता दाखवल्या गेल्या, तेव्हा सगळे शहर पेटून उठले होते. नाव आणि श्रेय यांबद्दल इतके जागरूक असलेल्या गावात आपल्याच मैदानावरच्या फलकाकडे आपण दुर्लक्ष करू नये.

मैदानी जत्रेसाठी सरकारी मानांकनाची गरज नाही. आयोजकांनी स्टॉल देतानाच कामाच्या जागेचे आणि साधनांचे दोन-तीन फोटो मागावेत आणि प्रत्येक स्टॉलवर सारख्या आकाराची पाटी लावावी, जिच्यावर ‘हाताने छापलेले’, ‘डिजिटल छपाई’ किंवा ‘घाऊक बाजारातून आणलेले’ यांपैकी जे खरे असेल ते लिहिलेले असेल. तिन्ही प्रकारांना जत्रेत जागा असावी. विविधता असली की गर्दी होते आणि तिचा फायदा सर्वांना मिळतो. प्रात्यक्षिकाला मनाई करण्याऐवजी नळाजवळची, सावली येणारी एक ओळ त्यासाठी राखून ठेवावी आणि रंगासाठी प्लॅस्टिक अंथरणे बंधनकारक करावे. कुंभार चाक घेऊन आला, बुरूड टोपली विणत बसला किंवा चर्मकाराने चपलेची वेणी तिथेच घातली, तर त्यांनाही त्याच ओळीत बसता येईल. महापालिका जेव्हा हस्तकलेच्या नावाने मैदान भाड्याने देते, तेव्हा परवानगीच्या अटींत या पाटीची अट घालणे तिलाही कठीण नाही.

उन्हाळी सुट्टीतल्या जत्रांचे अर्ज लवकरच निघतील. त्यात जीएसटी क्रमांकाच्या रकान्याखाली ‘माल कोण, कुठे आणि कसा तयार करतो’ एवढा एक रकाना वाढवावा, ही आयोजकांना नम्र विनंती. मी माझा अर्ज भरणार आहे आणि फ्रेमचा फोटो त्यासोबत न मागताही जोडणार आहे.

आपली नम्र,
स्क्रीन प्रिंटिंग करणारी एक वाचक,
कोल्हापूर