शुगरसोबत मनाचीही चौकशी करा

संपादक महोदय,

मधुमेह आणि गोंयकारांचं खाणं यावरचा रविवारच्या अंकातला लेख वाचला, पटला पण अर्धाच. आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेहाच्या 2023 मध्ये आलेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात 11.4 टक्के आणि गोव्यात 26.4, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त, हे काळजीचंच आहे. पण त्या लेखासारखा सगळा दोष उकड्या भाताला आणि पोदेराच्या उंड्यांना, म्हणजे पाववाल्याच्या पावांना, देऊन कसं चालेल? बाबा गेल्यावर माझ्या आईची शुगर वाढतच गेली, रात्री ती जेवायचीच नाही, दुपारी कधीतरी चहात बिस्किटं बुडवून खायची, गोळ्यांचं पाकीट फ्रिजवर तसंच पडलेलं, आणि डॉक्टर दर महिन्याला एवढंच सांगायचे, भात कमी करा. झोप लागते का, कुणाशी बोलता का, हे कुणी विचारलंच नाही. मन खचलं की पथ्य आणि औषध दोन्ही सुटतं. साध्या माणसांना समुपदेशन शिकवून सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्यावर उपचार करता येतात, हे गोव्यातल्याच 'मानस' प्रयोगाने 2010 मध्ये दाखवलंय. मग शुगर तपासायच्या रांगेतच मनाचे दोन प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

— एक वाचक, फोंडा