काट्याशेजारची वही

संपादक महोदय,

माझ्या वडिलांना हार्ट फेल्युअर आहे. म्हणजे हृदय बंद पडत नाही. त्याची रक्त ढकलण्याची ताकद कमी होते आणि अंगात पाणी साठतं. पहिल्यांदा घरी सोडताना आम्हाला फक्त गोळ्यांची चिठ्ठी मिळाली. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करायचं, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं, हे धाप लागून पुन्हा ॲडमिट केल्यावर समजलं. आता काट्याशेजारी वही असते. घोट्यावर बोट दाबल्यावर खळगा राहतो का, तेही आई बघते.

मिठाचं मात्र कठीण. जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच मोठ्या माणसांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, जेमतेम एक लहान चमचा. आमच्याकडे तर रस्सा, खर्डा, वर पापड-लोणचं! गुडघे दुखले की दुकानातून गोळी आणायची सवयही मोडावी लागली. बऱ्याच वेदनाशामक गोळ्यांनी अंगात पाणी धरतं.

शहरातल्या प्रत्येक दवाखान्याने घरी सोडताना एवढं मराठीत छापून द्यावं आणि घरच्यांना समोर बसवून समजावून सांगावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर