ठेक्याविना उभे राहणारे गाणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाण्याला भारदस्तपणा यावा म्हणून त्यामागे व्हायोलिनचा ताफा उभा करण्याची रीत आपल्याकडच्या भावगीत-चित्रपटसंगीतात आहे, तशीच ती पाश्चात्त्य पॉप संगीतातही आहे. या रीतीहून अगदी वेगळ्या वाटेने गेलेला ‘द ज्युलिएट लेटर्स’ हा अल्बम अलीकडे माझ्या ऐकण्यात आला आणि मी त्याच्या अक्षरशः प्रेमात पडलो. एल्व्हिस कॉस्टेलो हा इंग्लिश पॉप-रॉक गायक आणि ब्रॉडस्की क्वार्टेट हा चार तंतुवाद्य वादकांचा चमू यांनी तो १९९३ मध्ये प्रसिद्ध केला.

दोन व्हायोलिन, त्याच कुळातली पण अधिक खर्जातली एक व्हायोला व एक चेलो, आणि एक आवाज, एवढाच सारा ऐवज. ड्रम नाही, गिटार नाही. आपल्या मैफलीत सारंगी किंवा हार्मोनियम गायकाच्या मागोमाग जाते आणि त्या अनुसरण्यातच साथीदाराचे कौशल्य दिसते. येथे मात्र चारही वाद्ये गायकाशी बोलतात, त्याला अडवतात, कधी त्याचे म्हणणे खोडूनही काढतात. ठेका धरून ठेवणारे वाद्यच नसल्यामुळे लय कोणा एकाच्या हाती राहत नाही. ती पाचही जणांच्या श्वासावर चालते. कॉस्टेलोचा आवाज मुळात खरखरीत आहे, वरच्या स्वरांवर तो ताणला जातो, पण गजाच्या घासटीशी तो जसा मिळून येतो तसा एखादा घोटीव आवाज आला नसता, असे मला वाटते.

शेक्सपिअरच्या ज्युलिएटच्या नावे व्हेरोना शहरात येणाऱ्या पत्रांना एक प्राध्यापक उत्तरे देत असत, या हकिकतीतून ही कल्पना सुचली. त्यामुळे यातील गाणी पत्रांच्या रूपात आहेत. पैशांवर डोळा ठेवणाऱ्या नातलगांना एका विक्षिप्त आत्याने दिलेले फणकाऱ्याचे उत्तर त्यात आहे, तसेच आखाती युद्धातील एका स्त्री-सैनिकाचे पत्रही आहे. ‘बीटल्स’च्या १९६६ मधील ‘एलेनॉर रिग्बी’ या गाण्यात आठ तंतुवाद्ये होती, पण त्यांचे संयोजन वादकांनी नव्हे, तर ‘बीटल्स’चे ध्वनिमुद्रण-निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी केले होते. येथे क्वार्टेटमधील वादकांनी संगीताबरोबर शब्दरचनेतही भाग घेतला, आणि वादकांना समजेल अशा रीतीने लिहिता यावे म्हणून कॉस्टेलोने, नावारूपाला आल्यानंतर कित्येक वर्षांनी, स्वरलेखन शिकून घेतले.

हिंदुस्तानी संगीतासाठी स्वरलेखनाची पद्धती घडवणारे पंडित विष्णू दिगंबर पलुसकर आयुष्याच्या उत्तरार्धात ज्या नाशकात आश्रम स्थापून राहिले, त्या शहराला या शिकण्याचे मोल वेगळे सांगायला नको. आपल्याकडे चांगले ऐकणाऱ्यांची वाण कधीच नव्हती; पण सभागृह लहान असो की मोठे, ध्वनिवर्धकाचा आवाज मात्र हल्ली सारखाच चढा असतो. चेलोच्या तारेवर गज टेकताना होणारा बारीक आवाज त्यात ऐकू येणे शक्य नाही. तेव्हा सार्वजनिक वाचनालय किंवा कुसुमाग्रज स्मारक यांसारख्या संस्थांनी अशा अल्बमची श्रवणसत्रे घ्यावीत आणि पुढे मुंबई-पुण्यातील तंतुवाद्य वादकांना बोलावून एखादी मैफल ध्वनिवर्धकाशिवाय करावी, अशी माझी विनंती आहे. श्रवणसत्रापूर्वी गाण्यांचा मराठी आशय छापून वाटण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपला,
एक संगीतप्रेमी वाचक, नाशिक